दुधाचे धोवण आणि लोणारचे तळे

विदर्भात दूध वाढले पाहिजे, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. कोल्हापूर, सांगली, पुणे, सोलापूर या भागांत दूधसंघांनी शेतकऱ्याच्या घरात नियमित रोख पैसा नेला. वऱ्हाडचा शेतकरी मात्र कापूस आणि पाऊस या दोहोंच्या लहरीवर जगत राहिला. त्याचे परिणाम साऱ्या देशाने पाहिले. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी आत्महत्याग्रस्त सहा जिल्ह्यांसाठी मदत जाहीर केली, त्यांत बुलढाणा होता आणि त्या मदतीत दुभत्या जनावरांचे वाटपही होते. चाऱ्याची आणि पाण्याची सोय नसलेल्या दारात संकरित गाय बांधली म्हणजे ती आधाराऐवजी ओझे होते, हा धडा त्या वेळी महाग पडून शिकावा लागला. पुढे राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या साहाय्याने विदर्भ-मराठवाड्याचा दुग्धविकास प्रकल्प आला आणि २०२४ साली राज्य सरकारने त्याचा दुसरा टप्पा १९ जिल्ह्यांसाठी मंजूर केला. दूध वाढले, की शीतकेंद्रे आणि पनीर-खव्याचे कारखाने मागोमाग येणार. ते यावेत, अशीच आमची इच्छा आहे. आमचा प्रश्न एवढाच, की त्या कारखान्यांतून बाहेर पडणारे पाणी जाणार कोठे?

हा प्रश्न बुलढाणा जिल्ह्यात विचारण्यास विशेष कारण आहे. त्या जिल्ह्यात लोणार आहे. काळ्या पाषाणावर उल्का आदळून झालेले, सुमारे पावणेदोन किलोमीटर व्यासाचे ते विवर पृथ्वीच्या पाठीवरील एक अपूर्व वस्तू आहे. त्याच्या तळाशी असलेल्या पाण्याला बाहेर जाण्याची वाट नाही. जे आत उतरेल ते आतच राहते. पाणी तेवढे वाफ होऊन जाते. याच कारणाने ते खारे व सोड्याचे बनले, त्याचा सामू १० च्या आसपास राहिला आणि इतरत्र सहसा न आढळणारे सूक्ष्मजीव तेथे नांदले. काच व साबण करण्यास लागणारे द्रव्य या परिसरात सापडते, अशी नोंद 'ऐन-ई-अकबरी'त आहे. जून २०२० मध्ये हे पाणी गुलाबी झाले, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्याचे कारण क्षारप्रिय सूक्ष्मजीवांत दाखविले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात तळ्याचे नाव रामसर यादीत गेले. एवढा सन्मान मिळेपर्यंत काठावरच्या गावाचे सांडपाणी त्याच तळ्यात उतरत होते आणि त्याबद्दल उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला पुन्हा पुन्हा विचारणा करावी लागत होती. घाण आधी, चौकशी मागाहून, असा हा क्रम होता. दुधाच्या बाबतीत तरी तो उलटा व्हावा, असे आम्हांस वाटते.

दूध हे पवित्र मानलेले अन्न आहे, म्हणून त्याचे धोवणही निरुपद्रवी असावे असा आपल्याकडे एक भोळा समज आहे. वस्तुस्थिती याच्या नेमकी उलट आहे. पाण्यात पडलेला सेंद्रिय पदार्थ कुजविताना सूक्ष्मजीव पाण्यातील प्राणवायू खातात. किती खातात, हे घाणीचे माप. घरगुती सांडपाण्यात ते लिटरमागे साधारण दोनशे ते तीनशे मिलिग्रॅम भरते. दूध कारखान्याच्या धोवणात बहुधा एक ते अडीच हजार. आणि पनीर काढल्यावर उरणाऱ्या निवळीत तीस ते पन्नास हजार. केंद्र सरकारच्या नियमाने एक लिटर दुधामागे तीन लिटरपर्यंत सांडपाणी मान्य आहे. म्हणजे रोज दहा हजार लिटर दूध हाताळणारा कारखाना तीस हजार लिटर पाणी सोडणार. लिटरमागे दीड हजार मिलिग्रॅम धरले, तरी त्याचा प्राणवायूवरील भार रोजचा ४५ किलो होतो, आणि तो सुमारे एक हजार माणसांच्या मैलापाण्याइतका आहे.

लहान कारखान्याचा हिशेब तर याहून बोलका आहे. रोज फक्त एक हजार लिटर दुधाचे पनीर करणारा व्यावसायिक सुमारे आठशे लिटर निवळी मागे ठेवतो. ती गटारात ओतली, तर साताठशे माणसांची घाण ओतल्यासारखे होते. दोन खोल्या, एक कढई आणि चार कामगार एवढाच पसारा असलेल्या या कारखान्याकडे कोणा निरीक्षकाचे लक्ष जाणार? मोठा संघ निदान शुद्धीकरणाची यंत्रणा उभारतो. ती चालू असते की नाही हा वेगळा प्रश्न. यात भांडी व नळ्या धुण्याचा कॉस्टिक सोडा आणि आम्ल मिसळतात, स्निग्धांश नाल्यावर सायीसारखा जमतो, आणि दोन दिवसांत त्या पाण्याला जी दुर्गंधी सुटते ती ज्यांनी घेतली आहे त्यांना अधिक सांगण्याची गरज नाही.

येथे एक आक्षेप निघेल, आणि तो रास्त आहे. लोणारच्या विवरात उतरणारे पाणी फार थोड्या भूभागाचे आहे. मेहकरला कारखाना निघाला तर त्याचे पाणी पैनगंगेकडे जाईल, तळ्याकडे नव्हे. हे खरे. पण पैनगंगेचे नाले वर्षातील बरेच महिने कोरडे असतात. भरल्या नदीत पडलेली घाण पातळ तरी होते. कोरड्या नाल्यात ती साचते आणि भेगाळलेल्या काळ्या खडकातून शेजारच्या विहिरीत झिरपते. लोणारच्या तळ्याला वाट नाही, तशीच उन्हाळ्यात वऱ्हाडच्या नाल्यालाही नाही. कायद्याने कारखान्याने सोडलेल्या पाण्यात प्राणवायूची मागणी लिटरमागे १०० मिलिग्रॅमच्या आत हवी, आणि ज्यांत ते सोडले जाते ते पाणी पिण्याचे असेल तर ती ३० पर्यंत उतरविता येते. विहिरीवर जगणाऱ्या तालुक्यात ३० चाच आकडा लावावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मुंबईच्या दूध योजनेचा इतिहास या बाबतीत आठवण्याजोगा आहे. १९४९ साली आरे वसाहत उभी राहिली तिच्यामागे शहरातील गोठ्यांच्या घाणीचाही विचार होता. दूध आणि शेण यांचा प्रश्न एकत्र सोडवावा लागतो, हे तेव्हाच्या शासनाला उमगले होते. अलीकडचा अनुभव असा उत्साहवर्धक नाही. २०१८ च्या प्लास्टिकबंदीत दुधाच्या पिशव्या अनामत घेऊन परत गोळा करण्याचा विचार झाला. आमच्या वाचकांपैकी किती जणांनी रिकामी पिशवी परत देऊन पैसे घेतले, हे त्यांनी स्वतःस विचारावे.

उपाय दुर्मीळ नाहीत. निवळी हे टाकाऊ द्रव्य नव्हे. तीत दुधातील साखर व काही प्रथिने असतात. ताजी निवळी जनावरांना पाजता येते, पीठ मळण्यास वापरता येते, आणि गोळा करण्याची सोय झाल्यास बायोगॅस संयंत्रातही जाते. अडचण गोळा करण्याची आहे, कारण ती एका दिवसात आंबते. म्हणून पाच-दहा लहान कारखान्यांना मिळून एक टाकी व एक संयंत्र, आणि त्याचा खर्च दुग्धविकासाच्याच अंदाजपत्रकात, अशी व्यवस्था हवी. पाणथळ जागांच्या २०१७ च्या नियमांनी अशा जागांत प्रक्रिया न केलेले सांडपाणी सोडण्यास मनाई केली आहे; परंतु त्या जागेवर परिणाम करणारे क्षेत्र कोठपर्यंत, हे जमिनीवर खुंटे मारून दाखविल्याशिवाय मनाई कागदावर राहते. लोणार तालुक्यात ज्या दिवशी पहिल्या नव्या कारखान्याला परवानगी दिली जाईल, त्याच्या आधी त्याचे धोवण कोणत्या नाल्याने कोठे जाणार, याचा नकाशा नगरपरिषदेच्या आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर लागलेला असावा.