दिव्याजवळचे थांबे

मुंबईहून कल्याणकडे जातांना मुंब्रा मागें पडलें कीं दिवा येतो. संस्कृतांत 'दिवा' म्हणजे दिवसा. येथील वर्दळ मात्र रात्रंदिवस! १८५३ सालीं ठाण्यास आलेली आगगाडी १८५४ सालीं कल्याणास पोंचली ती याच वाटेनें. पुढें दिव्यापासून पनवेलकडे व वसईकडे फांटे फुटले. १९६४ च्या पनवेल फांट्यावरील पहिलें चिमुकलें स्टेशन दातिवली.

लहान स्टेशनांतही ज्यास 'हॉल्ट' म्हणतात त्याची तऱ्हा आमच्या वाचकांनीं ध्यानीं घ्यावी. तेथें स्टेशनमास्तर नसतो, गाडी सोडण्याचा अधिकार शेजारच्या स्टेशनांकडे असतो. तिकिटें विकतो तो बहुधा जवळपासचाच एखादा कंत्राटदार, विक्रीवर कमिशन घेणारा. विक्री घटली कीं थांबा बंद होण्याची भीति. तेव्हां फुकट बसणारा गृहस्थ सरकारचे चार पैसे बुडवितोच, पण आपल्या गांवचा थांबाही बुडवूं पाहतो. सुशिक्षितांनींच हें करावें याचा आम्हांस विषाद वाटतो.

खुद्द दिव्यास उतारू उदंड, पण जलद गाड्या न थांबतां जात. २ जानेवारी २०१५ रोजीं गाड्या खोळंबल्या तेव्हां लोक रुळांवर उतरले, दगडफेकही झाली. ती आम्ही निंद्यच मानतों. गाऱ्हाणें मात्र खरें होतें. जलद लोकल येथें थांबूं लागली ती डिसेंबर २०१६ मध्यें. गर्दी कांहीं हटली नाहीं. ९ जून २०२५ रोजीं मुंब्र्याजवळ भरल्या गाड्यांच्या दारांतून माणसें पडून कित्येकांचे प्राण गेले. आमच्या घरचीं मुलें याच वाटेनें कचेरीस जातात, आणि सायंकाळीं तीं परतेपर्यंत घरांत कोणी पान वाढीत नाहीं.