शिवलेली चिमणी

घरट्यांतून पडलेल्या पिलास माणसानें हात लावला, तर त्यास माणसाचा वास लागतो व मग इतर चिमण्या त्यास टोंचून मारतात, अशी समजूत आमच्या पुण्यांत घरोघरीं आढळते. या भीतीनें दयाळू मुलेंहि तडफडणारें पिलूं तसेंच सोडून जातात.

पक्ष्यांस वास येतो, हें खरें. शेंपटीच्या बुडाशीं असलेल्या ग्रंथीचें तेल ते चोंचीनें पिसांस लावतात, आणि कांहीं जातींत प्रत्येक पक्ष्याचा गंध निराळा असतो. दक्षिण हिंदी महासागरांतील कर्गेलेन बेटांवर प्रायन नांवाचे समुद्रपक्षी रात्रींच्या काळोखांत आपल्या बिळांत परततात. ते आपला जोडीदार वासावरून ओळखतात, असें बोनाडोना व नेव्हिट या संशोधकांनीं २००४ सालीं दाखविलें. परंतु ही ओळख सोबती शोधण्याकरितां आहे, विटाळ मानण्याकरितां नव्हे. पक्षिशास्त्रज्ञ घरट्यांतील पिलें हातांत घेऊन त्यांच्या पायांत कडीं घालतात. तरी आईबाप त्यांस पूर्ववत् चारा भरवितात.

मग ही शिवाशिव आली कोठून? माझ्या मतें ती आपलीच आहे; आपण ती बिचाऱ्या चिमणीच्या माथीं मारली. याच शहरांत जोतीराव फुले यांनीं १८६८ सालीं आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांस खुला केला, हें आपण विसरूं नये.

मुलांनो, पंख न फुटलेलें पिलूं खालीं पडलेलें दिसलें, तर तें अलगद उचलून घरट्यांत ठेवा व दूर व्हा. आणि पालकहो, अशा वेळीं मुलास “शिवूं नको” म्हणून मागें ओढूं नका.