बेल वाजवा, घर बघा!

मीरा रोडचा वन बीएचके विकायला काढलाय? मग एव्हाना शनिवार-रविवारची झोप उडालीच असणार! कुकरची तिसरी शिट्टी होतेय, आई गाऊनवर, पोराची पुस्तकं हॉलभर... आणि एजंटचा फोन, 'पार्टी खालीच उभी आहे, वर आणू?' पार्टी येते, किचनमध्ये डोकावते, 'कळवतो' म्हणून जाते. महिनाभर हेच.

त्यापेक्षा अमेरिकेतली 'ओपन हाऊस'ची आयडिया उचला की! एकच रविवार ठरवा, अकरा ते दोन, सगळ्यांना तेव्हाच बोलवा. फक्त पश्चिम रेल्वेचा जम्बोब्लॉक आधी बघा, नाहीतर बोरिवली-कांदिवलीची मंडळी वाटेतच अडकायची. सेक्रेटरी आणि वॉचमनला आदल्या दिवशी सांगा. दागिने, पासबुकं कुलपात. अनोळखी माणसं घरभर फिरणार आहेत, बॉस!

एजंट नाही म्हणजे दलाली नाही. ऐंशी लाखांच्या फ्लॅटवर एक टक्का धरला तरी ८० हजार वाचले. पण मग त्याने द्यायची उत्तरं तुम्हालाच द्यायचीत. इथलं गिऱ्हाईक बाल्कनीतला व्ह्यू नंतर बघतं, आधी नळ सोडून बघतं. पाणी किती वेळ येतं? टँकर लागतो का? खरं तेच सांगा. खाली उतरल्यावर ते वॉचमनला विचारणारच आहे. ओल आलेल्या भिंतीवर घाईघाईने रंग मारणाऱ्यांची मला तर कमाल वाटते. नव्या रंगाचा वास लपतो थोडाच?

टीपॉयवर फुलदाणीऐवजी फाइल ठेवा. पहिल्या मालकापासूनचे सगळे करारनामे, शेअर सर्टिफिकेट, ओसी, मेंटेनन्सची ताजी पावती. ओसी नसेल तर पहिल्या पाच मिनिटांत सांगून टाका. टोकन घेतल्यावर बँकेने लोन नाकारलं तर ते पैसे परत करताना भांडणं होतात. सोसायटीच्या ट्रान्सफर फीचं कुणी विचारलंच, तर २००१ च्या सरकारी परिपत्रकानुसार महापालिका हद्दीत कमाल २५ हजार. आणि व्यवहार ५० लाख किंवा त्यावर असेल तर खरेदीदार एक टक्का टीडीएस कापणार, हे गृहीत धरूनच हिशेब मांडा.

भाव मात्र त्या दिवशी कमी करू नका. हॉलमध्ये चारजण बसलेले असताना तर नाहीच. दुपारी बघून गेलेला जो संध्याकाळी आईला घेऊन परत येईल, त्याच्याशी बोला.