रिपोर्ट नॉर्मल आहे!

‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ हे तीन शब्द ऐकले की आपल्याला किती हायसं वाटतं! पण कधीकधी हेच तीन शब्द एखाद्या लहान मुलीला वर्षानुवर्षं बोलणी खायला लावतात. कसं ते सांगते.

समजा, सहा वर्षांची एक मुलगी आहे. वेळच्या वेळी बाथरूमला जाते, व्यवस्थित लघवी करते, तरीही तिचे कपडे दिवसरात्र ओलसर. शाळेत मैत्रिणी नाक मुरडतात. घरी ऐकावं लागतं, “एवढी घोडी झालीस, तरी कळत नाही?” सोनोग्राफी होते. रिपोर्ट नॉर्मल! म्हणजे दोष मुलीचाच, असं सगळे धरून चालतात.

पण दोष तिचा नसतो, प्लंबिंगचा असतो. किडनीकडून मूत्राशयाकडे एक नळी येते. काहीजणांना जन्मतः एकाच बाजूला दोन असतात आणि बहुतेकांना त्याचा त्रासही होत नाही. क्वचित मात्र किडनीच्या वरच्या भागातून निघालेली नळी मूत्राशयात न उघडता खाली, झडपेच्या पलीकडे उघडते. डॉक्टर त्याला एक्टॉपिक युरेटर म्हणतात. होस्टेलच्या टाकीचा कॉक कितीही घट्ट बंद करा, कॉकच्या पुढे दुसरा पाइप जोडलेला असेल तर पाणी ठिबकणारच ना? मुलग्यांमध्ये ही नळी भरकटली तरी झडपेच्या अलीकडेच उघडते, म्हणून हे सततचं गळणं मुलींच्याच वाट्याला येतं.

मग हे फोटोत का दिसत नाही? किडनीचा तो वरचा भाग बऱ्याचदा लहान आणि दुबळा असतो, त्यामुळे सोनोग्राफीत निसटू शकतो. शिरेतून औषध देऊन किडनीचा एक्स-रे काढायची पद्धत १९२९ मध्ये मोझेस स्विक यांनी जगासमोर आणली. पण त्यात औषध गाळणारा भागच उजळतो. जो काम करत नाही, तो अंधारातच! एमआरआयचं तसं नाही. ज्या तंत्रासाठी लॉटरबर आणि मॅन्सफील्ड यांना २००३ चं नोबेल मिळालं, त्यात साचलेलं पाणी चमकवता येतं, मग किडनी काम करो वा न करो. नळी कुठून निघाली आणि कुठे गेली, याचा माग त्यात बहुतेकदा लागतो. मग ऑपरेशन करून गळणं थांबवता येतं.

मग काय, सरसकट सगळ्यांचा एमआरआय करायचा? मुळीच नाही! तो महाग आहे, शिवाय लहान मुलांना बऱ्याचदा गुंगी द्यावी लागते. माझं म्हणणं वेगळंच आहे. प्रत्येक मशीन एकाच प्रश्नाचं उत्तर देतं. सोनोग्राफी विचारते, आवाज कुठून परत येतो? एक्स-रे विचारतो, औषध कोण गाळतंय? एमआरआय विचारतो, पाणी कुठे आहे? आणि यातला कुठला प्रश्न विचारायचा, हे आईच्या एका वाक्यावरून ठरतं: “ती बाथरूमला जाते, तरीही ओलीच असते.” ते वाक्य कुणी ऐकलंच नाही, तर कोट्यवधींचं मशीनही मुकंच!

मीटर चुकीच्या रेंजवर लावलं आणि रीडिंग शून्य आलं, म्हणून आपण लाइनला हात लावतो का? मग माणसाच्या बाबतीत ‘दिसलं नाही’ म्हणजे ‘नाहीच’ असं का धरायचं?

आज आपल्यातले कितीतरी जण मेडिकल फोटो वाचणारी सॉफ्टवेअर्स प्रोजेक्टला घेतात. ती हजारो फोटोंवरून शिकतात, आणि अशा दुर्मिळ केसेस त्या ढिगाऱ्यात असून असून किती असणार? म्हणून सर आणि मॅडमना एक विनंती. व्हायव्हाला ‘अ‍ॅक्युरसी किती?’ हे जरूर विचारा, पण ‘यातून कोण सुटलं?’ हेही विचारा. नव्व्याण्णव टक्क्यांवर टाळ्या पडतात, पण ती मुलगी उरलेल्या एका टक्क्यात असते!