करणी नव्हे, गाजर गवत!

गेल्या पावसाळ्यात आमच्या वस्तीतील एका भगिनीच्या हातांवर, मानेवर व डोळ्यांभोवती लाल चट्टे उठले. खाजेने रात्रभर झोप नाही. शेजारणी म्हणाल्या, "कुणीतरी करणी केली." अंगारा लावून झाला, कोंबड्याची बोली झाली. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात हे घडावे, याचे आम्हांस फार वाईट वाटले. आम्ही तिला दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला, "बाई, निंदायला जाता का?" ती रोज उघड्या हातांनी गाजर गवत उपटत होती!

सूर्यफूल, झेंडू, करडई यांच्याच कुळातले हे रानटी झाड मूळचे अमेरिका खंडातले. पुण्यात सापडलेल्या या झाडाची शास्त्रीय नोंद १९५६ साली, म्हणजे धम्मदीक्षेच्याच वर्षी, झाली. आज आपल्या बुलढाणा जिल्ह्यात धुऱ्यांवर, रस्त्याकडेला, ई-क्लास जमिनीवर त्याची पांढरी फुले माजलेली दिसतात. पाऊस रुसला की चारा वाळतो, हे मात्र तग धरते. कोरड्या दिवसांत पाने जमिनीला चिकटवून बसते आणि एखादी सर येताच फुलते. एकेका झाडाला हजारो बिया. गुरे त्याला सहसा तोंड लावत नाहीत. म्हणजे गरिबाच्या शेळीचा चाराही तेच खाते.

या झाडात पार्थेनिन नावाचे द्रव्य असते. वारंवार स्पर्श झाला की काहींच्या कातडीला त्याचे वावडे होते. परागकणांनी शिंका व दमा वाढतो. दुःखाला कारण असते आणि कारण दूर केले की दुःख दूर होते, हे तथागतांनीच सांगितले आहे. मग भगताकडे कशाला जायचे?

माता-भगिनींनो, हे गवत फुलावर येण्यापूर्वीच, जमीन ओली असताना मुळासकट उपटा. हातमोजे नसतील तर हाताला प्लॅस्टिकची पिशवी बांधा, तोंडाला रुमाल लावा. घरी येताच हातपाय साबणाने धुवा. मालकाकडे हातमोजे मागा. तो आपला हक्क आहे, भीक नव्हे. मोकळ्या जागी तरोटा वाढू द्या. तो या गवताला दाबतो आणि त्याच्या कोवळ्या पाल्याची भाजीही होते.

वर्षावासात विहारात ग्रंथवाचनाला आपण जमतोच. एका रविवारी वाचनाआधी तासभर विहाराचे अंगण व शाळेचा रस्ता साफ करू या. आणि अंगावर चट्टे उठलेच तर आधी दवाखाना गाठू या.

जय भीम!