वेळ अमावस्येला अंधार पडेपर्यंत थांबा

वेळ अमावस्येला आमच्या अक्कलकोट तालुक्यातली गावंच्या गावं शेतात असतात. कडब्याची कोप, आत मांडलेले पाच पांडव, भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील. ऊन कललं की डबे आवरून सगळे घरी. माझं म्हणणं, त्या दिवशी अंधार पडल्यावरही दोन तास थांबा आणि सोबत एक दुर्बीण न्या.

लेकीबाळींसह सगळं घर शेतात जमतं असा हा दिवस नेमका बिनचंद्राच्या रात्रीचा असतो. पावसाचे ढग कधीच गेलेले, हवा कोरडी, ज्वारी उभी. ‘अमावस्येच्या रात्री पोरांना बाहेर ठेवू नये’ असं घरातली मोठी माणसं म्हणतात. त्यांच्या काळजीचा मान ठेवूनच सांगते, तारे बघायला याहून चांगली रात्र नाही.

19 डिसेंबर 2025 ला आम्ही थांबलो. मी शाळेत विज्ञान शिकवते, म्हणून दुर्बीण माझ्याकडे होती. दोन्ही डोळ्यांनी बघायची, 10×50 ची. म्हणजे दहापट मोठं दाखवणारी, पुढची भिंगं 50 मिलिमीटरची. अंधारात आपली बाहुली फार तर 7 मिलिमीटर उघडते. त्या मानाने हे भिंग सुमारे पन्नासपट प्रकाश गोळा करतं आणि साध्या डोळ्यांना न दिसणारे तारे दिसू लागतात. मोबाइल आधी पिशवीत टाकायला लावले, कारण डोळे अंधाराला सरावायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात आणि एका स्क्रीनने ते सगळं वाया जातं. मग बाजेवर उताणं पडायचं. हात थरथरत नाहीत, मान दुखत नाही.

पहिल्यांदा कृत्तिका. माझे चुलतसासरे अप्पा जन्मभर त्यात सहा तारे मोजत आलेले. दुर्बीण डोळ्याला लावून ते बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, “सूनबाई, हे तर मोजायच्या पलीकडचं आहे.” त्यानंतर जवळजवळ डोक्यावर आलेली देवयानी दीर्घिका. दिसते एक लांबट, धुरकट पुंजका, एवढंच. पण तो उजेड 25 लाख वर्षांपूर्वी निघालेला आहे, हे सांगितल्यावर माझी नववीतली पुतणी पुन्हा पुन्हा दुर्बीण मागत राहिली. नऊच्या सुमारास पूर्वेला मृग वर आला. अप्पांनी आपणहून त्यातलं तीन ताऱ्यांचं तिकांडं दाखवलं. त्याच्या खाली जो धूसर डाग आहे, तिथे नवे तारे जन्माला येत आहेत. शेवटी गुरू. दुर्बीण कडुलिंबाच्या खोडाला टेकवून धरली, तेव्हा त्याच्या बाजूचे चंद्र बारीक ठिपक्यांसारखे एका ओळीत दिसले. गॅलिलिओने 1610 मध्ये पाहिले तेच.

शाळांना देणगी देणारे बहुधा मोठा टेलिस्कोप देतात. तो जुळवायला सरावाचा माणूस लागतो आणि त्यातून आकाशाचा अगदी इवलासा तुकडा दिसतो. साध्या दुर्बिणीत एका वेळी चंद्राच्या दहा-बारापट रुंद आकाश मावतं. पाचवीतलं पोरही दोन मिनिटांत कृत्तिका शोधतं. जिल्हा परिषदेच्या प्रत्येक शाळेत अशी एक दुर्बीण हवी, आणि ती कपाटात न राहता सुट्टीत मुलांच्या घरी जायला हवी.

पण दुर्बीण असूनही काय उपयोग, अंधारच राहिला नाही तर? त्या रात्री सोलापूरच्या बाजूचं क्षितिज पांढुरकं उजळलेलं होतं, आणि वेशीवरच्या हायमास्टचा झोत थेट आमच्या ज्वारीपर्यंत येत होता. रस्त्यावर उजेड हवाच, बायकांना तर हवाच हवा. तो खाली पडावा, आभाळात नको. आपल्याच राज्यातलं पेंच व्याघ्र प्रकल्पाचं क्षेत्र जानेवारी 2024 मध्ये देशातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ ठरलं. तिथल्या गावांत रस्त्याचे दिवे जमिनीकडे तोंड करून बसवले गेले. विदर्भातल्या गावांना जमलं ते आमच्या ग्रामपंचायतींना का जमू नये?

पुढची वेळ अमावस्या 7 जानेवारी 2027 ला, गुरुवारी आहे. त्या संध्याकाळी सात ते नऊ शिवाराकडचा हायमास्ट बंद ठेवायचा ठराव ग्रामसभेत आधीच मांडा. बाज आणि स्वेटर मात्र ज्याचे त्याने आणायचे.