मदयनचा करार

पावसाळ्याच्या आधी एका रात्री इशाच्या नमाजनंतर आमचा भाचा घरी आला. चहा समोर येईपर्यंत गप्पच होता. मग म्हणाला, "मामू, कतारला जाऊ का?"

आयटीआय करून पनवेलच्या इमारतींत नऊ वर्षं वायरिंग केलेला हा मुलगा. आता एकदम फोरमन, हाताखाली चाळीस माणसं. बायकोला पाचवा महिना. "कामाची भीती नाही, मामू," तो म्हणाला. "पण चाळीस जणांना काम सांगायचं, तेही हिंदी, इंग्रजी, नेपाळी, अरबी सगळी खिचडी करून. मला जमेल?"

त्याची भीती ही होती. आमची वेगळी. एजंट नव्वद हजार मागत होता आणि म्हणत होता, आता व्हिजिट व्हिसावर चला, तिकडे गेल्यावर बदलून घेऊ, पगाराचा कागदही तिकडेच मिळेल. भाच्याने कागद आधी मागितला तर उत्तर आलं, "मुसलमान आहेस ना? मग अल्लाहवर भरोसा ठेव की!"

खरं सांगायचं तर आमचं डोकंच फिरलं. या एका वाक्यावर आपल्या कोकणात किती घरांतलं सोनं गहाण पडलं असेल!

वाचकहो, परमुलखातली नोकरी कुरआनमध्येही आहे. सूरह कससमध्ये हजरत मूसा (अ.) मिसरहून जीव वाचवून मदयनला पोहोचतात. ना घर, ना ओळख. विहिरीवर दोन मुली आपली जनावरं घेऊन थांबलेल्या दिसतात, तर आधी त्यांच्या जनावरांना पाणी पाजतात, मग सावलीत बसून अल्लाहकडे मागतात. त्या मुलींचे वृद्ध वडील त्यांना बोलावून काम देतात. (बरेच जण त्यांना हजरत शुऐब (अ.) मानतात, पण कुरआनने नाव सांगितलेलं नाही.) आता बोलणी कशी झाली ते पाहा. मुदत आठ वर्षं. दहा पूर्ण केली तर ती तुमच्या खुशीने. मोबदला काय, तो तिथेच ठरला: मुलीशी निकाह. मालक म्हणतो, मी तुम्हाला जाच करणार नाही. मूसा (अ.) म्हणतात, दोन्हींपैकी कोणतीही मुदत पुरी केली तरी पुढे माझ्यावर जबरदस्ती नको. सगळं असं स्वच्छ ठरल्यावर ते म्हणतात की आपल्या या बोलण्यावर अल्लाह वकील आहे.

वकील आणि तवक्कुल हे दोन्ही शब्द एकाच मुळाचे. मदयनला अल्लाहला वकील केलं ते अटी ठरल्यावर. अटी लपवायला त्याचं नाव कुणी घेतलं नाही.

आम्ही भाच्याला ई-मायग्रेटवर एजंटचं नाव शोधायला लावलं. नव्हतं. नोंदणी असलेल्या एजंटलाही सेवेचे 30,000 रुपये आणि त्यावर जीएसटी, याहून जास्त घेता येत नाहीत. कतारच्या कामाच्या व्हिसासाठी मुंबईतल्या कतार व्हिसा सेंटरमध्ये वैद्यकीय तपासणी होते, बोटांचे ठसे घेतात आणि करारावर सही इथेच, निघण्याआधी होते. मग "तिकडे गेल्यावर" कशाला?

आपा घाबरली. "इतकं विचारत बसलात तर नोकरी हातची जाईल," म्हणाली. आमच्या मते खरी परीक्षा इथे होती. रोजी त्या एजंटच्या खिशात आहे असं वाटलं की माणूस गप्प बसतो. ती अल्लाहच्या हातात आहे हे मनाने मानलं की प्रश्न विचारायची हिंमत येते, आणि नोकरी गेली तर जाऊ दे म्हणायचीही. भाच्याने नाही म्हणून कळवलं. नंतरचे सात आठवडे घरात कुणाला नीट झोप नव्हती, हेही सांगायला हवं.

पुढे नोंदणीकृत एजंटकडून दुसऱ्या कंपनीचं काम आलं. हुद्दा तोच, पगार थोडा कमी, पण राहणं-जेवण लिहिलेलं. उन्हाळ्यात 1 जून ते 15 सप्टेंबर सकाळी 10 ते दुपारी 3:30 उघड्यावर काम करून घ्यायचं नाही, हा तिथला नियमही त्याला आम्ही पाठ करायला लावला.

कागद झाले, तरी चाळीस माणसांची भीती होतीच. ती कागदाने जात नाही. त्याने इस्तिखाऱ्याची दोन रकात नमाज पढली आणि सकाळी तोंड पाडून म्हणाला, "स्वप्न काहीच पडलं नाही." आपल्याकडे स्वप्नाची वाट पाहायची सवयच लागली आहे. बुखारीत हजरत जाबिर (रजि.) यांनी सांगितलेल्या त्या दुआत स्वप्नाचा उल्लेख नाही. काम भल्याचं असेल तर सोपं कर, नसेल तर ते माझ्यापासून आणि मला त्याच्यापासून दूर ठेव, इतकंच मागणं आहे. आम्ही म्हटलं, "दुआ केलीस ना? मग बॅग भर."

दोह्याहून तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. चाळिसांत सहा जण त्याच्याहून वयाने मोठे. पहिल्या सकाळी काय बोलावं ते सुचेना, म्हणून त्याने सलाम केला आणि त्या सहा जणांना "चाचा" म्हणून हाक मारली. त्यातल्या एकाने विचारलं, "नाश्ता किया, बेटा?"

आपा स्पीकरवर ऐकत होती. मग तिने फोन हातात घेतला आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला.